स्किल चेक फसला की पुढे काय? डीएम मंडळींनो, जरा सांगा

फासेबहाद्दर | रवि, रात्री ११:२०

राम राम मंडळी. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारे आणि खेळवणारे इथे बरेच आहेत, हे मागच्या एका धाग्यावर कळलंच. म्हणून थेट विचारतो.

आमचा पुण्यातला ग्रुप, पाचवी आवृत्ती, २०१४ ची नियमावली, डीएम (म्हणजे खेळवणारा) मी. आज मंडळी एका जुन्या थडग्याच्या दाराशी पोचली. दाराला कुलूप, डीसी (गाठायचा आकडा) १५. आमच्या रोगने (चोराचं पात्र, आजार नव्हे) हत्यारं काढली, स्किल चेकचा, म्हणजे कौशल्याचा, वीस बाजूंचा फासा टाकला, आले ४. अधिक कौशल्याचे ७, म्हणजे ११. नाही उघडलं. "परत करतो." कर बाबा. आले ६, झाले १३. "परत." तेवढ्यात फायटर (लढवय्या) म्हणाला, मी लाथ घालतो. त्याचे ३. मग विझार्ड, म्हणजे जादूगार. मग क्लेरिक, म्हणजे पुजारीण (हिला कुलपातलं काय कळतं? पण हातात फासा होता ना!). शेवटी कोणाचे तरी १८ पडले आणि दार उघडलं.

खेळ संपल्यावर यावरून जुंपली. रोगवाला म्हणतो, फेल म्हणजे फेल. दार बंद, दुसरा रस्ता शोधा. विझार्डवाली म्हणते, दार उघडायलाच हवं होतं, फक्त त्याची किंमत मोजायला लावायची. माझं मत मधलं कुठलंतरी आहे, पण नेमकं कुठलं ते सांगता येत नाहीये. तुमच्या टेबलावर काय करता?

शकुनीमामा | रवि, रात्री ११:२६

फासे बदला. माझ्याकडे आहेत, खात्रीचे. घरच्याच हाडांचे.

सांगलीचा ऑर्क | रवि, रात्री ११:३१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जुना_खोंड अजून कसे आले नाहीत?

एडिसनकर | रवि, रात्री ११:५८

फासा टाकायला सांगण्याआधी डीएमने स्वतःला एकच विचारायचं: हा फसला तर काय होणार? उत्तर "काहीच नाही, परत टाकतील" असं असेल तर फासा हातात घेऊच द्यायचा नाही. सांगून मोकळं व्हायचं: "दहा मिनिटं खटपट केलीस, उघडलं." पुढे चला.

हे माझं तत्त्वज्ञान नाही, नियमच आहे. तिसऱ्या आवृत्तीत (२०००) "टेक १०" आणि "टेक २०" होतं. घाई नाही, धोका नाही, तर १० पडले असं धरा. आणि फसल्याने नुकसान नसेल तर वीसपट वेळ घेऊन थेट २० धरा. पाचव्या आवृत्तीत ही नावं गेली, पण डीएमच्या पुस्तकात मुद्दा शिल्लक आहे: नेहमीच्या दहापट वेळ दिला की काम झालं असं धरा. अर्थात जे मुळात अशक्य आहे, ते कितीही वेळ दिला तरी होत नाही. हे पान कोणी वाचत नाही, कारण त्यात राक्षसाचं चित्र नाही.

तुमच्या थडग्यात वेळेला किंमतच नव्हती. मशाल संपत नव्हती, मागून कोणी येत नव्हतं. मग फासा कशासाठी?

गणितवेडी | सोम, सकाळी ८:४०

एडिसनकरांना आकड्यांचा टेकू. रोगला +७, डीसी १५, म्हणजे फाशावर ८ किंवा वर हवेत. १३/२०, ६५%. एकदा टाकला तर बऱ्यापैकी खरा धोका. पण तीनदा टाकू दिला की निदान एकदा लागण्याची शक्यता जवळपास ९६%. वर अख्खी पलटण रांगेत उभी. म्हणजे निकाल आधीच ठरलेला होता, तुम्ही फक्त तो हळूहळू वाचून दाखवलात.

उलटी बाजूही बघा. चौघांनी लपतछपत पहाऱ्यासमोरून जायचंय, प्रत्येकाला +५, डीसी १५. प्रत्येकी ५५%. "चौघांचाही लागला पाहिजे" म्हणालात तर ९%! दर वेळी पकडलेच जाणार. नियमातला ग्रुप चेक वापरा, निम्म्यांचा लागला की सगळे पार, तर तेच ७६% होतं. पात्रं तीच, फासे तेच. फरक फक्त डीएमने प्रश्न कसा विचारला याचा.

मेघना_के | सोम, सकाळी ९:१५

गणितवेडी, दंडवत घ्या.

मी गेली काही वर्षं अपोकॅलिप्स वर्ल्डच्या (२०१०, व्हिन्सेंट आणि मेगी बेकर) घराण्यातले खेळ चालवते. तिथे हा प्रश्न या रूपात येतच नाही. दोन साधे सहाबाजूंचे फासे, अधिक तुमचा गुण. १० किंवा वर: मनासारखं झालं. ७ ते ९: झालं, पण काहीतरी अडचण, किंमत किंवा अवघड निवड. ६ किंवा खाली: आता पाळी खेळवणाऱ्याची, तो काहीतरी घडवणार. "काहीच घडलं नाही" हा पर्यायच नाही.

तुमच्या दाराचं उदाहरण घ्या. ६ पडले. मी म्हणेन: "कुलपाचा खटका पडतो, दार बोटभर उघडतं. फटीतून पिवळा उजेड दिसतो. आणि तू बघत असतानाच आतून कोणीतरी तो दिवा विझवतं." दार उघडलंय, रोग कामात पक्का आहे, पण आता कोणालाही आत जायचं नाहीये.

जुना_खोंड | सोम, सकाळी १०:०२

आलो एकदाचा. आणि आल्या आल्या असहमत.

याला तिकडे "फेल फॉरवर्ड" म्हणतात. आपल्याकडे आठवीपर्यंत तेच चालायचं, ढकलपास. पेपर कोरा दिला तरी पोरगं पुढच्या वर्गात. मग अभ्यास कशाला करायचा? दार काहीही झालं तरी उघडणारच असेल तर मी हत्यारं नीट निवडून, किल्ली शोधून, पहारेकऱ्याला पटवून का येऊ? ठोकायचा फासा, उघडणारच आहे.

१९७४ च्या मूळ खेळात स्किल नावाची भानगडच नव्हती. कुलपं उघडणारा चोर हा वर्गसुद्धा १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत आला. त्याआधी दार बंद म्हणजे डोकं चालवा. बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत? दाराखाली फट आहे का? शेजारची भिंत मातीची की दगडाची? खेळाडू बोलायचे, डीएम उत्तरं द्यायचा. आता सगळे कागदावर बघतात आणि म्हणतात "इन्व्हेस्टिगेशन टाकू?"

दार नाही उघडलं? नका जाऊ त्या दाराने. थडगं तिथेच राहील. सगळी दारं तुमच्यासाठी केलेली नाहीत.

सांगलीचा ऑर्क | सोम, सकाळी १०:०९

😂 ढकलपास! आजपासून आमच्या टेबलावर हाच शब्द.

मेघना_के | सोम, सकाळी १०:३१

खोंडकाका, ढकलपास नव्हे हो. ढकलपासात पोराचं काहीच बिघडत नाही. माझ्या दारामागे कोण आहे ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे? बंद दारापेक्षा ते कितीतरी महागात पडू शकतं.

पण एक मान्य. "पुढे जाणं" म्हणजे खेळाडूंना हवं होतं तेच मिळणं, असा अर्थ बरेच डीएम काढतात आणि मग तुम्ही म्हणता तसं होतं. पुढे गोष्टीने जायचं असतं. खेळाडू खड्ड्यात गेले तरी चालेल.

नानासाहेब चिंचवड | सोम, सकाळी ११:४५

शीर्षक वाचून वाटलं नोकरीच्या मुलाखतीबद्दल आहे. हा काय खेळ आहे? सापशिडीसारखा? माझा बंगळूरचा नातू शनिवारी रात्री संगणकासमोर बसून "मी दार उघडतो, मी दार उघडतो" असं ओरडत असतो, ते हेच का?

सांगलीचा ऑर्क | सोम, दुपारी १२:१०

हेच, नाना. थोडक्यात: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली काढलेला खेळ. एक जण जग सांगतो, तो डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते काय करतं ते सांगतात. होईल की नाही याची शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचं कौशल्य मिळवायचं आणि डीएमने ठरवलेला आकडा गाठायचा. सोपं काम १०, मध्यम १५, अवघड २०. पट लागत नाही, सोंगट्याही नसल्या तरी चालतं.

नानासाहेब चिंचवड | सोम, दुपारी १२:३४

कळलं. मग यात हरतं कोण?

शकुनीमामा | सोम, दुपारी १२:३६

डीएम. त्याने तीन आठवडे लिहिलेलं नगर सोडून मंडळी भलत्याच बैलगाडीवाल्याच्या मागे जातात.

निळी_शाई | सोम, दुपारी ३:२०

दाराचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, वळसा तरी घालता येतो. खरी पंचाईत तपासकथेत. मी कॉल ऑफ कथुलू चालवते (पहिली आवृत्ती १९८१ ची, आम्ही सातवी खेळतो). सगळी गोष्ट एका पत्रावर अडलेली आणि ग्रंथालयातला चेक चौघांचाही फसला. आता? संध्याकाळचे आठ वाजलेत, लोक घरून डबे घेऊन आलेत आणि गोष्ट संपली.

यावर मला माहीत असलेले तीन उपाय.

पहिला गमशू पद्धतीचा. रॉबिन लॉज यांचा दि एसोटेररिस्ट्स हा खेळ, त्यातून ही पद्धत आली. योग्य जागी योग्य कौशल्याचा माणूस गेला की मुख्य धागा मिळतोच, फासा नाही. मुद्दा असा की पत्र सापडतं की नाही यात मजा नाहीच, सापडल्यावर त्याचा अर्थ काय लावता यात आहे.

दुसरा जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन धाग्यांचा नियम. जो निष्कर्ष खेळाडूंनी काढायलाच हवा, त्याच्याकडे नेणारे निदान तीन धागे पेरून ठेवा. एक हुकेल, दुसऱ्याचा अर्थ उलटा लावतील, तिसरा लागेल. मी कुठलीही पद्धत वापरत असले तरी हे करतेच.

तिसरा सातव्या आवृत्तीतलाच, "पुश". फसलेला चेक पुन्हा टाकता येतो, पण काहीतरी वेगळं आणि जास्त धोक्याचं करतोय असं सांगून. पुन्हा फसला तर परिणाम वाईट, आणि तो किती वाईट याची चुणूक मी आधीच देऊ शकते.

आमचा खेळ १९२० च्या दशकातल्या मुंबईत चालतो. एशियाटिकच्या ग्रंथालयात, टाऊन हॉलमध्ये, आमचे वकीलसाहेब जुनं हस्तलिखित शोधत होते. चेक फसला. म्हणाले, पुश. कसं? तर ग्रंथपाल जेवायला गेल्यावर त्यांच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात हात घालतो. मी म्हटलं, "साहेब, बाहेरच्या पायऱ्यांवर बूट वाजतायत." टाकला. फसला. हस्तलिखित हाती लागलंच नाही, वर वकिलीची सनद धोक्यात. पण पुढचे दोन महिने तो ग्रंथपाल आमच्या गोष्टीतला सगळ्यात भारी माणूस झाला, कारण त्याने पोलिसांत न जाता वकीलसाहेबांकडे एक काम मागितलं.

एडिसनकर | सोम, दुपारी ४:०५

+१. पुशचा नियम पाचव्या आवृत्तीत जसाच्या तसा उचलता येतो. त्याची सख्खी उलटी बाजू म्हणजे बर्निंग व्हील या खेळातला "लेट इट राइड": एकदा टाकला तो टाकला. परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत त्याच कामासाठी परत टाकायचा नाही, आणि डीएमनेही मागायचा नाही. हा दुसरा भाग लोक विसरतात. पहाऱ्यासमोरून एकदा लपून गेलो तर दर दहा पावलांवर "स्टेल्थ टाका" हे बंद. गणितवेडींच्या ९ टक्क्यांत डीएमच असा आणून सोडतो.

अर्धवट_जादूगार | सोम, संध्या ६:५०

खेळाडूच्या बाजूने एक तक्रार नोंदवून घ्या. माझा रेंजर जंगलात वाढलेला, आठव्या पातळीचा. माग काढायला गेलो, फाशावर २. डीएम म्हणतो, "तू हरणाच्या लेंड्या बघत बसतोस आणि वाट चुकतोस." सगळे हसले, मीही हसलो. पण असं दर वेळी झालं की आपण नायक आहोत की विदूषक तेच कळेनासं होतं. पात्राला येत नाही असं दाखवू नका हो. रात्री पाऊस पडून गेला, शिकार हुशार निघाली, माग नदीत उतरला, काहीही सांगा.

मेघना_के | सोम, संध्या ७:०५

शंभर टक्के. फासा हा नशिबाचा आणि परिस्थितीचा. कौशल्य तर कागदावर आधीच लिहिलेलं आहे.

सांगलीचा ऑर्क | सोम, संध्या ७:२२

आमच्या डीएमला पाठवतो हे. त्याच्याकडे १ पडला की "क्रिटिकल फेल". मी झाडावर चढायला गेलो, १ पडला, तर स्वतःच्याच कुऱ्हाडीवर पडलो. कुऱ्हाड पाठीला होती!

एडिसनकर | सोम, संध्या ७:४०

२०१४ च्या नियमांत स्किल चेकला हे नाहीच. १ आणि २० ची खास वागणूक हल्ल्याच्या फाशाला आहे, मरणाच्या दारातल्या सेव्हला (पात्र जगतं की मरतं त्या फाशाला) आहे. स्किलला १ म्हणजे नुसता १, वर तुमचे गुण मिळवा. +९ असेल तर १ पडूनही सोपं काम होतं. हौस असेल तर पाथफाइंडर या खेळाची दुसरी आवृत्ती (२०१९) बघा. तिथे चार पायऱ्या आहेत: आकड्यापेक्षा १० ने कमी आलात तर मोठी फजिती, १० ने जास्त तर मोठं यश, आणि १ पडला तर निकाल एक पायरी खाली. तिथे ते नीट मोजूनमापून बसवलंय. घरगुती कुऱ्हाडीसारखं नाही.

जुना_खोंड | सोम, रात्री ९:१५

कुऱ्हाडीबद्दल एडिसनकरांशी सहमत. लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही.

निळी_शाई यांचा ग्रंथपाल आवडला. पण बघा, तिथे फेल हे फेलच राहिलं. हस्तलिखित मिळालं नाही! जे झालं ते खेळाडूने स्वतः ओढवून घेतलं. माझा विरोध परिणामाला कधीच नव्हता, फुकट दार उघडण्याला आहे.

आणि बोलण्याच्या चेकबद्दल कोणी काही म्हणालं नाही. तिथे तर फासा मागायची इतकी घाई असते! खेळाडूने पहारेकऱ्याला उत्तम कारण सांगितलं, खरा शिक्का दाखवला, आणि डीएम म्हणतो "पर्स्वेजन टाक". ३ पडले, "तो ऐकत नाही". का ऐकत नाही? शिक्का खरा आहे!

सांगलीचा ऑर्क | सोम, रात्री ९:३३

तिथे फेल म्हणजे "साहेब, शिक्का बरोबर आहे हो, पण चहापाण्याचं काय?" एवढंच. नकार देणारा पहारेकरी मी आजवर खेळवला नाही. भाव वाढवणारा खेळवतो.

गणितवेडी | सोम, रात्री ९:४८

ऑर्कजी, हा चक्क नियमात आहे. डीएमच्या पुस्तकात ऐच्छिक म्हणून दिलंय: एक-दोन आकड्यांनी हुकला तर काम होतं, पण काहीतरी मोजून. आणि पाच किंवा जास्तने हुकला तर नुसतं अपयश नाही, वर आणखी नुकसान. फासेबहाद्दर, तुमच्या रोगचे ११ आणि १३ होते ना? १३ म्हणजे दोननेच हुकला. तुमच्या विझार्डवालीला पुस्तकाचा आधार आहे.

फासेबहाद्दर | सोम, रात्री १०:३०

वाचनखूण साठवली. रोगवाल्याला दुवा पाठवलाय, तो खोंडकाकांचा पंखा झालाय.

खोंडकाका आणि मेघना दोघांचंही पटतंय, ही माझी अडचण. रविवारी नेमकं काय करू? मंडळी आता थडग्याच्या आत आहेत. पुढे आणखी दारं, सापळे आणि झोपलेले पहारेकरी.

मेघना_के | सोम, रात्री १०:५२

ब्लेड्स इन द डार्क या खेळातलं (२०१७, जॉन हार्पर) घड्याळ उसनं घ्या. कागदावर एक गोल काढा, सहा भाग करा, वर लिहा "पहारेकरी जागे होतात". सगळ्यांना दिसेल असा टेबलाच्या मधोमध ठेवा. चेक फसला की एक भाग रंगवायचा, पाच किंवा जास्तने फसला की दोन. भरलं की जागे झाले.

यात दोघांचंही साधतं. दार उघडलं नाही तर नाही, परत टाका, हवं तितकं टाका. पण दर वेळी एक भाग जातो. एडिसनकर म्हणतात ती वेळेची किंमत आता डोळ्यांना दिसते.

जुना_खोंड | सोम, रात्री ११:०४

आम्ही हेच दर दोन टर्नला भटक्या राक्षसाचा फासा टाकून करायचो. रंगीत पेन्सिली नव्हत्या इतकंच. पण चालेल. हे चालेल.

शकुनीमामा | सोम, रात्री ११:०६

खोंडकाका "चालेल" म्हणाले. संपादक, धागा वर चिकटवून ठेवा.

फासेबहाद्दर | मंगळ (पुढचा आठवडा), सकाळी ९:१०

धागा वर काढतोय. रविवारचा वृत्तांत.

घड्याळ भन्नाट चाललं. दोन भाग रंगल्यावर क्लेरिकने आपणहून सांगितलं, "मी नाही टाकत, मला यातलं कळत नाही." त्या वाक्यासाठी मी दीड वर्ष थांबलोय. पाच भाग भरल्यावर रोगवाला दारापुढे बसून विचारायला लागला: बिजागऱ्या कुठे आहेत, तेल आहे का कोणाकडे, मंत्राने आवाज दाबता येईल का? तेलाने आणि सायलेन्सने दार उघडलं. मी फासा मागितलाच नाही. खोंडकाका, हे तुमच्या खात्यावर.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. शवपेटीवर एका जुन्या राजघराण्याचं चिन्ह होतं. हिस्टरी चेक, पाचही जणांनी टाकला. इथे घड्याळ कसं लावणार? "तुला माहीत नाही" यात कसला परिणाम? आणि चौघांचा फसून एकाचा लागला की तो सगळ्यांना सांगतोच.

गणितवेडी | मंगळ, सकाळी ९:५५

पाच जणांना +० धरा, डीसी १५. प्रत्येकी ३०%, पण पाचांत निदान एकाचा लागायची शक्यता ८३%. हे परत तुमचं दारच झालं. ज्याच्याकडे त्या विषयाचं प्रशिक्षण आहे त्यालाच टाकू द्या, बाकीचे फार तर एकाला मदत करतील.

निळी_शाई | मंगळ, सकाळी १०:२०

मी ज्ञानाच्या चेकला "माहीत नाही" म्हणतच नाही. पात्राच्या पार्श्वभूमीवरून जे माहीत असायला हवं ते फुकट सांगते: हे अमुक घराणं, अमुक सालापासून नामशेष. फासा फक्त त्यापुढच्यासाठी. फसला तर आणखी कोणाला माहीत असेल ते सांगते: "हे चिन्ह तू तुझ्या गुरूंच्या अंगठीवर पाहिलंयस." आता गुरूंकडे जावं लागेल, आणि गुरू ते का लपवत होते हे विचारावं लागेल.

खोटी माहिती देऊ नका. काही डीएम देतात. टेबलावरच्या सगळ्यांनी फाशावर २ बघितलेले असतात, मग खरं वाटल्याचा अभिनय करत बसावं लागतं.

जुना_खोंड | मंगळ, सकाळी ११:०८

म्हणून ते फासे डीएमने पडद्याआड टाकावेत. पूर्वी तसंच होतं.

अर्धवट_जादूगार | मंगळ, सकाळी ११:१५

आणि मग डीएम पडद्याआड काय पडलं ते खरं सांगतो, यावर विश्वास ठेवायचा?

शकुनीमामा | मंगळ, सकाळी ११:१७

ठेवा की. आमच्या घराण्यात कोणी कधी तक्रार केली नाही. म्हणजे सुरुवातीला.

नानासाहेब चिंचवड | मंगळ, दुपारी १:४०

हा सगळा धागा नातवाला वाचून दाखवला. तो म्हणाला, आजोबा, शनिवारी आमच्यात बसा. पात्र कुठलं घ्यावं?

सांगलीचा ऑर्क | मंगळ, दुपारी १:४३

फायटर घ्या नाना. वाचायला कमी.

जुना_खोंड | मंगळ, दुपारी १:५०

क्लेरिक. सगळ्यांना लागतो, कोणी घेत नाही. आणि नातवाला सांगा, दार उघडतो म्हणून ओरडण्याआधी बिजागऱ्या बघ.